पायरीवर नावं घालणारा

इंदिरानगरातल्या माझ्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर तो भांड्यांवर नावं घालायला बसतो. आधी बोटाने भांडं वाजवून बघतो, मग मशीन लावून एकेक अक्षर पुटपुटत कोरतो.

हल्ली लोक भांडी मोबाइलवर मागवतात आणि नाव घालायला मात्र माझ्याच पायरीवर येतात. हातगाडीपासून सुरुवात करून उभं केलेलं दुकान असं रिकामं पाहून परवा माझं डोकं फिरलं.

"बाहेरच्या भांड्याला हात लावलास तर उद्यापासून इथे बसायचं नाही!"

"शेठ, तुमच्या एकट्याच्या भांड्यांवर माझं घर चालतं का?" मान वर न करता तो म्हणाला. "तुमचं बी चालत नाय."

तेवढ्यात एक बाई मागवलेलं पातेलं घेऊन आल्या. माझ्यादेखत त्याने ते वाजवलं, नाव घातलं आणि विचारलं, "ताई, याला झाकण नाय आलं? आत बघा, शेठकडं बरोबर बसंल असं हाय."

बाईंनी खूप घासाघीस केली. मी एक रुपयाही सोडला नाही, तरी झाकण घेऊनच गेल्या.

दुसऱ्या दिवशी शटर उघडायला गेलो, तर तो पायरीवर आधीच येऊन बसलेला.

"जरा कडेला सरक," मी म्हणालो. "गिऱ्हाइकाला आत यायला वाट ठेव."