अकरावी मूठ

यॉर्गने घर सोडलं त्या सकाळी नाश्त्याच्या टेबलावर थोरल्या दिरांनी त्याच्यापुढे एक कागद सरकवला. आमच्या लग्नाला आठवडा होता. घराण्याचा जुना नियम म्हणे, बरोबरीच्या घरातली मुलगी केली नाही तर घराण्यातून नाव कमी. राज्य जाऊन तीन पिढ्या झाल्या, पण तोरा बघ! यॉर्गने सही केली आणि दोन सुटकेस गाडीत टाकल्या. सासूबाई दारापर्यंत आल्या. "पोचलास की फोन कर," म्हणाल्या. मंजू, मी सांगली सोडली तेव्हा आपली आईही स्टँडवर हेच म्हणाली होती.

तू विचारलंस, आई हल्ली गल्लीत "थोरली जर्मनीच्या राजघराण्यात पडली" असं का सांगत नाही. ऐक मग.

धाकटा राजपुत्र म्हणजे काय, ठाऊक आहे? फोटोत कायम कडेला. थोरल्याला मुलगा होईपर्यंत जपून ठेवायचा, झाला की म्हणायचं, तू मोकळा. मोकळा म्हणे! कोलोनला आमच्या दोन खोल्यांत आला तेव्हा पत्ता नोंदवायला, इथे त्याला आनमेल्डुंग म्हणतात, तो नंबर घेऊन दोन तास बसला. घरी येऊन खुशीत म्हणाला, "इथे ज्याचा नंबर त्यालाच बोलावतात." मी हसले होते. तेव्हा मला काही कळलंच नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरात सासूबाई गेल्या. दर रविवारी यॉर्गचा फोन पहिल्या रिंगला उचलायच्या. दिरांच्या ऑफिसातून चर्चमध्ये बसायचा तक्ता आला. यॉर्ग तिसऱ्या रांगेत, चुलतभावांच्या मागे. कबरीवर मातीही त्याच क्रमाने टाकायची. माझं डोकंच फिरलं. मी सरळ दिरांना फोन लावला. म्हटलं, आमच्याकडे वडिलांचं थोरला करतो आणि आईचं धाकटा, तेव्हा पहिली मूठ यॉर्गची. मला वेडीला वाटलं, हे कुणालाही पटेल. ते म्हणाले, "तुमच्या देशात असेल," आणि फोन ठेवला.

स्वतःच्या आईला माती द्यायला त्याचा नंबर अकरावा लागला, मंजू. अकरावा! पुतण्याचा दुसरा. मी दातओठ खात उभी. परतताना गाडीत त्याच्यावरच ओरडले, "तोंड शिवलं होतं का तुझं?" तो म्हणाला, "मी सही केली होती ना." मग गाडी कडेला घेऊन रडला. मी सांगलीसाठी इतकी वर्षं हळहळले, पण मागे वळून बघायला माझ्याकडे सांगली होती तरी.

त्याच दिवशी आईला स्काइपवर सगळं सांगितलं. वाटलं, नशिबाला बोल लावेल. ती भडकलीच. "राजे कसले मेले! त्याला बोलव इकडे." यॉर्ग स्क्रीनसमोर आला. "जावईबापू, मला मुलगा नाही. माझं तुम्ही करायचं. अग्नी तुमच्या हातचा. कुणी मध्ये आलं तर तिरडीवरून उठून बसेन." मी जर्मनमध्ये सांगत होते आणि तो ताठ उभा राहून ऐकत होता.

तेव्हा चुलत्यांना आत्ताच सांगून ठेव, कुरकुर नको. आई ठणठणीत आहे, शंभर वर्षं जगू दे. पण यॉर्गने भारताचा व्हिसा काढून ठेवलाय, आणि संपायच्या आत पुन्हा काढणार म्हणतो. कामावर कुणीतरी विचारलं, भारतात तुझं कोण आहे? म्हणाला, "माझं घर आहे. तिथे माझा नंबर पहिला."