लाटी खाणारा सूर्य

शेजारच्या मालूकाकूंनी गच्चीवर उडदाच्या पापडांचा घाट घातला होता. मी टाकीच्या सावलीत बसून पेपरातली सौरवादळाची बातमी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होतो. सूर्य कधी कधी कणांचा असा मारा करतो, की ध्रुवांच्या वर, फार उंचावर, ओझोन विरायला लागतो.

"अगं बाई! म्हणजे आपल्या डोक्यावरचं पांघरूणच की!" काकूंचं लाटणं थांबलं. "मग आपलं कसं व्हायचं?"

मी पुढे वाचलं. ओझोनचा मुख्य थर त्याच्या बराच खाली असतो, त्याला फारसा धक्का लागत नाही. आणि वर विरलेला ओझोन पुन्हा तयार होतो, तोही सूर्याच्याच उन्हानं.

काकू मनापासून हसल्या. बोलता बोलता एक लाटी तेलात बुडवून त्यांनी तोंडात टाकली होती. सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं. परात रिकामी होत आली, तसा त्यांनीच पिठाचा नवा गोळा कुटायला घेतला.

इतकी वर्षं मी सूर्याला मोठा शिस्तीचा समजत होतो. तो तर पापडाला बसलेल्या बाईसारखा निघाला. स्वतःच केलेलं थोडं स्वतःच फस्त करायचं, आणि पुन्हा पदर खोचून कामाला लागायचं! पाठीवरचं ऊन मला घरच्या माणसासारखं वाटू लागलं.

नव्या गोळ्याची पहिली लाटी काकूंनी सूर्याकडे उंच धरली. "घे रे बाबा, दमला असशील," म्हणाल्या, क्षणभर थांबल्या, आणि स्वतःच खाऊन टाकली.