झिरप्याच्या बाटल्या

धुरपता नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. भाताची पेज निथळता निथळता तिनं ओसरीवरचं भांडण ऐकलं. तलावाच्या पाळीखालची, म्हणजे मातीच्या बांधाखालची जागा गावातल्या परसरामनं विकत घेतली, म्हणून सासरे चिडले होते. तलाव त्यांच्याच आजोबांनी बांधलेला. खूप बोलून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "परसराम, ते जागा पाण्याची हाय. पाणी तुजा कागद वाचत नाही."

परसराम हसला होता, एवढं तिला आठवतं.

चाळीस वर्षं तिथं नुसतं गवत उगवलं. मग परसरामचा प्रफुल ग्रीस देशातल्या कुठल्याशा बेटावर फिरायला गेला. तिथल्या चिमुकल्या हॉटेलात आठ दिवस राहिला आणि तसंच या पाळीखालच्या जागेवर बांधलं. चार खोल्या, पांढऱ्या भिंती, निळी दारं, जिकडंतिकडं चित्रं आणि मातीची डोकी. नुसती डोकी, धड कोणालाच नाही. धुरपता तिथं स्वयंपाकाला लागली. डोक्यांवरची धूळही तीच पुसायची, "मान इकडं कर बापू" म्हणत.

तिचा नवरा जागेश्वर रोज सकाळी पाळीच्या पायथ्याशी उतरायचा, पाळीतून पाझरणारं पाणी, झिरपा, बाटलीत धरायचा आणि उजेडात बघायचा. बापानंच शिकवलेलं. पाणी नितळ तर पाळ धड. गढूळ आलं तर समजायचं, आतली माती चालली, पाळ कधीही फुटेल.

यंदा श्रावणात ते गढूळलं. जागेश्वर रोजची बाटली प्रफुलला नेऊन दाखवू लागला. प्रफुलला त्यातले रंगच आवडले. तारखा चिकटवून त्यानं बाटल्या बैठकीतल्या फळीवर ओळीनं मांडल्या, मागं दिवा लावला. पाहुणे फोटो काढू लागले. पहिली बाटली पेजेसारखी, अकरावी थेट चहासारखी.

"भाऊ, हे शोभेचं नाही. खोल्या खाली करा," जागेश्वर म्हणाला.

पोळ्यापर्यंत बुकिंग आहे काका, मग बघू, असं प्रफुलचं उत्तर. तलाव बघायला पाटबंधारे खात्याचे साहेब सोमवारी येणार होते. हा शनिवार.

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी चहा पिता पिता जागेश्वर बायकोला म्हणाला, "पाहुण्यायले टेकडीवरच्या देवळात ने. प्रफुललेही ने. डबा तिथंच खा. मी बोलावतवरी कोणाले उतरू देऊ नको."

"अन् तुमी?"

"बाटली भरून येतो."

वरून फोटो छान येतात, असं सांगून तिनं सगळ्यांना चढवलं. अर्ध्या पायऱ्यांवर थांबून खाली पाहिलं. जागेश्वरनं चपला पाळीवर जोडून ठेवल्या, बाटली सदऱ्याच्या टोकानं पुसली, आणि रोजच्यासारखा पायथ्याशी उतरला.