नानासोंचा मागचा जिना

आज रामापुढे दोन वाती जास्त लावल्या आणि मग वही उघडली. एरवी या वहीत पोथीचा कितवा अध्याय झाला, कुणाकडे सवाष्ण म्हणून जेवायला गेले, उपासाला काय केलं, एवढंच असतं. आज नानासोंविषयी लिहिते. मामलेदारसाहेबांची सही कशी झाली हे आज लिहून ठेवलं नाही, तर पुढच्या वर्षी माझं मलाच खरं वाटणार नाही.

नानासो आमच्या कोरेगावचेच. बावीस वर्षं पुण्याकडे लष्कराच्या दारूगोळ्याच्या कोठारात आग विझवायच्या तुकडीत होते. त्या बावीस वर्षांत तिथं एकदाही आग लागली नाही, हे ते छाती काढून सांगतात. त्यांच्या बायकोचं, बनुबाईचं म्हणणं असं, की म्हणूनच सगळी हौस शिल्लक राहिली आणि ती गावावर आली.

पेन्शनीत आल्यापासून हा माणूस कुठंही गेला की आधी दुसरं दार शोधतो. लग्नात हातात अक्षता आणि नजर मांडवाच्या मागच्या कनातीवर. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तीर्थ घेतलं आणि विचारलं, "वहिनी, ही खिडकी उघडती का?" गेल्या दिवाळीपासून नाही, असं मी म्हणाले. प्रसादाचा द्रोण बाजूला ठेवून त्यांनी ती धक्के देऊन उघडली, मगच शिरा तोंडात घातला. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले, तर मुलगा काय करतो हे विचारायचं राहिलं. जिन्याच्या पायऱ्या मात्र मोजून आले. सतरा.

गाव हसायचं. मीही हसायची. मग गेल्या चैत्रात राममंदिराच्या माडीवर हळदीकुंकू झालं. माडीचा सभामंडप मोठा, पण चढायला-उतरायला एकच दगडी जिना, आणि खाली पोत्यांचं गोदाम. समईची ज्योत आराशीच्या पडद्याला लागली. नानासो खाली पारावर बसले होते, ते धावत वर आले आणि पन्ह्याचं अख्खं पातेलं पडद्यावर ओतून मोकळे झाले. आग विझली. पण एका जिन्यावर साठजणी एकदम कोंबल्या गेल्या आणि आमच्या भजनाच्या म्होरक्या बायडाबाई, सत्तरीच्या, चार पायऱ्या घसरून आल्या. महिनाभर पायाला लेप. पुढं कितीतरी दिवस बायका मात्र पन्ह्याचीच हळहळ करत होत्या.

मामलेदारसाहेबांनी माडीवरचे कार्यक्रम बंद केले. साठ माणसं तीन मिनिटांत खाली येतील अशी सोय करून दाखवा, तरच यंदाचा रामनवमीचा सप्ताह माडीवर होईल, नाहीतर कुलूप कायमचं. फाल्गुनात सभा भरली तेव्हा नानासो उठून म्हणाले की सोय मी करतो, आणि नाही जमलं तर कुलूप माझ्या हातानं घालीन. हे बोलायला नको होतं. आता सप्ताह गेला असता तर सगळ्या गावानं त्यांचंच नाव घेतलं असतं, आणि नानासो रोज त्याच पारावर बसतात.

त्यांनी काम मात्र मन लावून केलं. मागच्या भिंतीत दार पाडलं, तिथून गोदामवाल्याच्या गोठ्याकडे उतरणारा लाकडी जिना केला. खडूनं जमिनीवर नकाशा काढून प्रत्येकीला समजावलं: अर्ध्या पुढून, अर्ध्या मागून. पाट्या रंगवणाऱ्या सिकंदरभाईंनी मागच्या दाराकडे जाणारे तीन लाल बाण काढून दिले. दुसऱ्या दिवशी बघते तर तिन्ही बाणांवर हळदकुंकू आणि एकावर झेंडूचं फूल. रामाच्या देवळात बाण काढल्यावर दुसरं काय होणार? सिकंदरभाई म्हणाले, आजवर माझ्या पाटीची एवढी इज्जत कुणी केली नव्हती.

पहिली तालीम गुरुवारी दुपारी. इशारा म्हणून नानासोंनी माडीवरची घंटा जोरात वाजवली. आम्ही साठजणी उभ्या राहिलो, डोळे मिटले आणि आरती सुरू केली. आरती पुरी होईपर्यंत नानासोंना टाळ्या वाजवत उभं राहावं लागलं.

शुक्रवारी त्यांनी लष्करातली शिट्टी आणली. शिट्टी झाली, आम्ही उठलो आणि सगळ्याच्या सगळ्या पुढच्या जिन्यानं निघालो. शेवटच्या पायरीवर पहिली बाई थांबली, तिच्यामागं दुसरी थांबली, आणि रांग पार वर देवापर्यंत तुंबली. आठ मिनिटं लागली. मागच्या दारात नानासो दार धरून एकटेच उभे होते. त्यांच्याकडे एकही बाई गेली नाही. साहेब सोमवारी येणार होते.

सगळ्या गेल्यावर मी मागं गेले, तर ते त्या नव्या जिन्याच्या पायरीवर बसलेले. चेहरा असा, की मला हसू आलं नाही.

"वहिनी, दार सताड उघडं हुतं. शिट्टी समद्यांनी ऐकली. मग मागं कुणीच का न्हाई आलं?"

मला नकाशा पाठ होता. माझी जागा मागच्या दाराला लागून होती. तरी मी पुढून गेले होते, आणि का ते मला तेव्हा, विचारल्यावर कळलं.

"माझ्या चपला पुढं होत्या," मी म्हणाले.

"आग लागल्यावर चपला?"

"आग लागली तरी चैत्राचं ऊन असतंच ना, नाना. आणि दुसरीनं माझ्या घातल्या तर?"

नानासो हळूच म्हणाले, "बावीस वर्सं तिथं समदी बूट घालूनच आत जायची. ह्ये मला कुणी शिकिवलंच न्हाई."

शनिवारी त्यांनी मागच्या जिन्याखाली चपलांसाठी फळी ठोकली. बायकांना शिकवणं सोडलं आणि चपलांची जागाच बदलली. ज्या दारानं यायचं, त्याच दारानं जायचं. म्हणून निम्म्यांनी रोजच मागून यायचं. लगेच कुरबूर सुरू झाली. मागून म्हणजे शेणातून. आम्ही काय कमी प्रतीच्या का, वरच्या आळीनं पुढून आणि खालच्या आळीनं गोठ्यातून का, असं सगळं. नानासोंनी वाद घातला नाही. ते तडक बायडाबाईंकडे गेले आणि त्यांच्या पायाची चौकशी करून मग विषय काढला. बायडाबाई म्हणाल्या, "म्या येती मागनं. पर ती म्हस हालीव तिथनं. गेल्या येळंला पडली ती माणसांमुळं, आता म्हशीमुळं पडायची इच्छा न्हाई."

म्हैस हलली. रविवारी बायडाबाई मागून चढल्या, आणि मग झालं भलतंच. त्या जातात त्या वाटेनं पुण्य लागतं, म्हणून साठच्या साठजणी मागून यायला लागल्या. नानासोंना जिन्याखाली उभं राहून तीस मोजून उरलेल्यांना पुढं पिटाळावं लागलं.

आज दुपारी साहेब आले. पुढच्या जिन्याखाली बूट काढले, वर येऊन मानाच्या जागी, देवाजवळ बायडाबाईंच्या शेजारी बसले. हातात घड्याळ. भजन रंगात आलं होतं, साहेबही मान डोलावत होते, तेवढ्यात शिट्टी झाली.

त्या क्षणी नानासोंचा चेहरा बघवत नव्हता. पण बायका उठल्या, आणि प्रत्येक बाई आपापल्या चपलांच्या रोखानं अशी निघाली की मध्ये कुणाला कुणाचा धक्का नाही. निम्म्या पुढं, निम्म्या मागं. बसून राहिले ते एकटे साहेब, घड्याळ बघत. ते तपासायला आलेत हे बायडाबाईंच्या ध्यानात राहिलं नव्हतं, की होतं, रामालाच ठाऊक. त्यांनी साहेबांचं मनगट धरलं.

"ऊठ लेकरा, जळशील."

आणि साहेब मागच्या जिन्यानं खाली आले. दोन मिनिटं वीस सेकंद.

गोठ्यासमोरची जमीन तव्यासारखी तापलेली. साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. कुणीतरी माझे बूट आणा, असं त्यांनी सांगितलं. नानासो ताठ उभे राहिले, सलाम ठोकला.

"आणतो सायेब. बूट पुढच्या जिन्याखाली हायत. पर आदी टाईम सांगा."

साहेबांनी एकदा आपल्या पायांकडे बघितलं, एकदा चपला घालून सावलीत उभ्या असलेल्या आम्हां बायकांकडे, आणि हसत सुटले. गव्हाणीच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली आणि खाली आपल्या हातानं एक ओळ वाढवली: पादत्राणे दोन्ही दारांशी विभागून ठेवावीत. मग नानासो स्वतः जाऊन बूट घेऊन आले.

परवापासून सप्ताह बसतोय. संध्याकाळी बनुबाई कुंकू लावायला आली होती. म्हणाली, हे घरी आल्यापासून हातात फूटपट्टी घेऊन स्वयंपाकघराची मागची भिंत मोजतायत. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, "साऱ्या गावाला दुसरं दार इचारत हिंडले. आमच्या घराला एकच हाय, ह्ये आज मी सांगितलं तवा कळलं."

उद्या गवंडी येणार आहे. तिची चूल आठ दिवस माझ्याकडे.