मोटेच्या कातड्याच्या वहाणा: राहुरी, शिंगणापूर, नगर

राहुरीहून सोनई, शिंगणापूर करत नगरला जाणार असाल तर माझं ऐका. पातळ वहाणा घालून पळायचं मनात असेल तर जास्तच ऐका. मला अक्षर येत नाही; मी सांगते, नातीची लेक टाइप करते आणि मध्येच हसते.

तिची आई, माझी नात सुनंदा, तेव्हा नववीत होती. तीसेक वर्षं झाली. मुळेच्या कालव्याकडेने ती अनवाणी पळायची, पण पाय वाजायचा नाही. अंगणातली कोंबडीसुद्धा मान वर करायची नाही. तालुक्यात पहिली आली. आता नगरला जिल्ह्याची शर्यत होती, त्यातल्या पहिल्या सहा जणी पुढे जाणार होत्या. सरांनी मात्र बजावलं, अनवाणी उभं करणार नाहीत, पायात काहीतरी पाहिजे. त्यांनी आणलेल्या जाड बुटांत पोरगी धपाधप टाचा आपटत पळाली आणि नडगी धरून बसली.

तिचा बाप म्हणाला, "ह्या खेपेला झालं तर झालं. पुढल्या साली दहावी हाय, मग पळणं बंद."

म्हणजे ही एकच शर्यत.

विहिरीवर मोटर आली तरी मोटेचं जुनं कातडं मी करडईचं तेल लावून जपलं होतं. वापरून वापरून पातळ झालेलं. राहुरी स्टँडजवळ वहाणा शिवणाऱ्या नामदेवला म्हटलं, एकच थर, टाचेला उंची नको, घोट्याला पट्टा.

"आजी, ही वहाण हाय का पापड?"

"पापडच कर. पोरीला जमीन कळली पाहिजे."

पंधरा दिवस ती आधी नांगरटीत पळाली, मग मुरमावर, मग डांबरावर. पहिले काही दिवस पोटऱ्या आखडतात. पावलं आपोआप लहान पडतात आणि टाच आपटायची सवय जाते. करून बघणार असाल तर घाई करू नका.

शर्यत रविवारी, आम्ही शनिवारी निघालो. सोनईपर्यंत एसटी, पुढे जीप. शनिवारी ती शिगोशीग भरल्याशिवाय हलत नाही. भाडं आधीच ठरवा. शिंगणापूर मैलभर उरलं तेव्हा शेवटची चाचणी म्हणून मी सुनंदाला उतरवलं.

"म्हातारे, पोरीचं भाडं वाचवती व्हय?" जीपवाला म्हणाला.

"तुझ्या आधी पोचली तर माझंबी सोड."

नाही पोचली, पण त्याने आरशात दोनदा बघितलं.

शनीच्या देवळाशी सुनंदाने वहाणा काढून हातात धरल्या. मी म्हटलं, "ठेव त्या लिंबाखाली. हितं घरांना दारं न्हाईत, तुझा पापड कोण नेतंय?" तिथे आधीच खूप वहाणा पडल्या होत्या. आम्हा बायकांना चौथऱ्यावर चढायची मुभा नव्हती; तेल एका बाप्याच्या हाती दिलं आणि लांबूनच हात जोडले. परतलो तर लिंबाखाली झाडलेली जमीन.

रसवाला म्हणाला, "त्या सोडलेल्या वहाणा, मावशी. लोक पनवती टाकून जात्यात. आत्ताच ट्रॉलीत भरल्या."

चोरी झालीच नव्हती. चूक माझी.

ट्रॉली मागे उभी होती, कमरेएवढा ढीग. भरणारा गडी म्हणाला, "हात लावू नका. सोडलेली वहाण उचलली की दुसऱ्याची साडेसाती मागं लागती."

सुनंदाने पुढे केलेला हात मागे घेतला. "आजे, ऱ्हाऊ दे. मी न्हाई पळत."

मी लुगडं खोचून ट्रॉलीवर चढले. "साडेसात वर्षं? तेवढी मी कुठं जगतीय. माझ्या नावावर टाका."

"ते आपल्या हातात हाय का?"

"मग हात रिकामाच हाय तुझा. ढीग उपस."

त्याने घमेलं उचललं. डावी लगेच मिळाली, उजवी मिळेना. घोडेगावची जीप हॉर्न देऊन निघून गेली. नगरची एसटी घोडेगावहूनच पकडायची होती. ऊन उतरायला लागलं. शेवटी मी बघायचं सोडलं आणि वास घेत गेले. अगदी तळाशी करडईचा वास आला. पट्टा तुटला होता. लुगड्याचा काठ फाडून तिथेच बांधला.

मागच्या जीपने घोडेगाव आणि तिथून रात्रीच्या एसटीने नगर गाठलं; पुतणीकडे पिठलं-भाकरी झाली. सकाळी मैदानावर सुनंदा म्हणाली, "आजे, पाय जड वाटतोय."

"जड हुतं ते काल मी घेतलं. तुझ्या पायात नुसतं कातडं हाय."

सर वहाणांकडे बघत राहिले. मी म्हटलं, "पायात काहीतरी म्हणला हुता. हे काहीतरीच हाय."

वाचता येत नसलं तरी मला मोजता येतं. पोरी लांबवर जाऊन परत यायच्या होत्या. मी शेवटच्या दोरीपाशी उभी. एक आली, दोन, तीन. मग चौथी. पाचवी. मग रस्ता मोकळा. पुढे सूर्य डोळ्यांवर, धुरळ्यात दोघी एकदमच येताना दिसल्या, कोण पुढे ते कळेना. मी डोळे मिटले. धपधप ऐकू येत होती, पण मागून. पुढचीचा पाय वाजत नव्हता.

बापाने दहावीतही तिचं पळणं बंद केलं नाही, एवढंच.

वहाणा अजून खुंटीला आहेत, लुगड्याच्या काठासकट. पुढे कितीतरी वर्षं म्हैस आटली की सुनंदा माझ्याकडे चोरून बघायची, माझा दात पडला तेव्हाही. आता साडेसात वर्षं चारदा उलटून गेली आणि मी अजून बाजरीची भाकरी चावते. शनिदेवाने शोधलं असेल मला. पण आम्हा बायकांना त्याने जवळून कधी पाहिलंच नव्हतं, ओळखणार कसा?