दादाच्या जीपचे फॉगलाइट

सांगलीत माझा गाड्यांच्या वायरिंगचा गाळा आहे. थोरला भाऊ पाटणच्या पुढं, कोयनेच्या खोऱ्यात, गावीच राहिला आणि वडापची जीप चालवू लागला. शिटा भरल्या की सुटायचं, पाटणला सगळ्यांना उतरवायचं आणि परतीच्या शिटांची वाट बघत बसायचं. माझं लग्न व्हायच्या आधीपासून त्याचं हेच चाललं होतं. जीपचं काही बिघडलं की तो मला फोन करायचा, मी इथूनच सांगायचो आणि तो तिथं करायचा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं.

त्या पावसाळ्यात मात्र त्याचे फोन वाढले. हेडलाइट कमी पडतात म्हणाला. मी बल्ब बदलायला सांगितले. बदलले, तरी उजेड कमीच. मग काच आतून काळी पडली असेल म्हणून साफ करायला लावली, बॅटरीचं चार्जिंग तपासून घ्यायला लावलं. पाटणच्या मिस्त्रीनं सगळं बघून गाडीत काही दोष नाही असं सांगितलं. दादाला ते पटलं नाही. त्या मिस्त्रीला काही कळत नाही म्हणाला. श्रावण लागला तेव्हा त्याचा पुन्हा फोन आला. खोऱ्यात धुकं लय पडलंय आणि पुढचे फॉगलाइट अजिबात लागत नाहीत, पहिल्या फेरीला वाटच दिसत नाही, असं सांगत होता. त्याचा आवाज थकल्यासारखा वाटला, म्हणून रविवारी गाळा बंद ठेवून मी सकाळच्या एसटीनं निघालो.

पोचलो तेव्हा जीप घरासमोर उभी होती. पाऊस थांबला होता, आभाळ भरलेलं होतं, आणि धुकं डोंगरावर वर सरकलं होतं. वैनी दारातच होती. मला बघून तिला बरं वाटल्याचं दिसलं, आणि ती चहा टाकते म्हणून आत गेली.

मी दादाला गाडीत बसवलं आणि स्विच दाबायला सांगितला. बॉनेटखाली रिलेचा टक् असा आवाज आला. म्हणजे स्विच चालू होता, रिलेही चालू होता. फ्यूज काढून बघितला, तो शाबूत होता. मग बंपरखाली आडवा झालो आणि टेस्ट लॅम्प लावून बघितलं, होल्डरपर्यंत करंट येत होता. बल्ब काढून थेट बॅटरीला जोडले तर दोन्ही लखलखीत पेटले. राहिली अर्थिंगची वायर. ती बंपरच्या ज्या बोल्टाला बांधली होती तो बोल्टच गंजून सडला होता. खोऱ्यातल्या पावसात असं होतंच. मी वायरचं टोक कापून नवं केलं, पत्रा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला, नवा बोल्ट आवळून वरनं ग्रीस लावलं. दादाला पुन्हा स्विच दाबायला सांगितलं आणि दोन्ही दिवे लागले. चांगले पिवळेधमक. समोरच्या कुडावर त्यांचा उजेड पडला.

काम सोपं निघालं याचा मला आनंद झाला होता. हात पुसत मी त्याला म्हणालो, ये, बघ.

तो उतरला आणि बंपरला हात लावत पुढं आला. दिव्यासमोर उभा राहिला, जरा वाकला.

"न्हाई लागलं रं," तो म्हणाला.

मला वाटलं चेष्टा करतोय. मी हसलो. तो हसला नाही. माझा हात दिव्यासमोर होता, तळव्यावर पिवळा उजेड पडला होता, आणि तो त्याच दिव्याकडं बघून पुन्हा म्हणाला की अजून कुठंतरी वायर तुटली असेल, नीट बघ. मग माझ्या गप्प राहण्यावरून त्याच्या काहीतरी ध्यानात आलं असावं. त्यानं हात पुढं केला, चाचपत काचेवर टेकवला आणि तसाच ठेवला.

"तापलाय," तो म्हणाला. "म्हंजी लागलाय."

वैनी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं मान दुसरीकडं वळवली. तेव्हा मला कळलं की हिला हे ठाऊक आहे.

हळूहळू तिनंच सांगितलं. पाऊस सुरू झाल्यापासून ती रोज त्याच्याबरोबर जीपमध्ये पुढच्या शिटावर बसत होती. बाजाराला जायचंय, दवाखान्यात जायचंय, असं लोकांना सांगायची. समोरून बस आली की ती सांगायची, रस्त्यात म्हैस आली की सांगायची. गाडी थांबव म्हणून किती वेळा हातापाया पडली, पण तो म्हणायचा की लाइटचा घोळ आहे, भाऊ येऊन करून देईल. साखर त्याला कधीपासूनची होती. गोळ्या आठवण झाली तर घ्यायचा.

"मी काय करू भावजी," ती म्हणाली, "न्हाई बसले तर ह्ये एकलंच जायाचं."

मी दादाकडं चावी मागितली. तो बराच वेळ ती मुठीत धरून उभा होता. थांब्यावर शिटा खोळंबल्यात, एवढंच म्हणाला. मग चावी माझ्या हातात न देता बॉनेटवर ठेवली.

शिटा खरंच खोळंबल्या होत्या, म्हणून ती फेरी मी मारली. दादा शेजारी बसला, वैनी मागं बायकांत. थांब्यावर एका म्हातारीनं विचारलं, आवं, आज तुमी तिकडं कसं? भावाला हौस आलीय चालवायची, असं त्यानं सांगून टाकलं. वाटेत तो मला रस्ता सांगत राहिला. इथं डावीकडं खड्डा हाय, आता मोरी येईल, वळणावर हॉर्न मार. एकही वळण चुकलं नाही. मागं एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती, आरशात ते लेकरू मला दिसत होतं.  पाटणला सगळे उतरेपर्यंत मी गाडी हळूच चालवली.

दुसऱ्या दिवशी त्याला मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, समजुतीनं बोलत होती. साखरेनं डोळ्यांच्या मागचा पडदा खराब झाला होता, आत रक्त उतरलं होतं. डावा डोळा गेल्यातच जमा होता. उजव्याला कडेनं थोडं दिसत होतं, लेसरनं आहे ते टिकलं तर टिकेल, गेलेलं परत येणार नाही, असं तिनं सांगितलं. त्रास पहिल्यांदा कधी जाणवला, असं तिनं विचारलं.

दादा खुर्चीत हात गुडघ्यावर ठेवून बसला होता. "मला वाटलं गाडीचं लाइट उतरल्यात," तो म्हणाला. "म्या बल्बच बदलत बसलो."

तिनं लिहिणं थांबवलं. मी खिडकीकडं बघत राहिलो. माझ्या फोनवरच्या सगळ्या सूचना मला आठवत होत्या, बल्ब, काच, चार्जिंग. सगळ्या बरोबर होत्या.

लेसर झालं, इंजेक्शनं झाली. दिवाळीपर्यंत उजवा डोळा तग धरून होता, थंडी सरता सरता तोही गेला. जीप वडूजकडच्या एका माणसानं नेली. तो न्यायला आला तेव्हा दादा घरात पडून राहिला, बाहेर आला नाही. वैनी आता शाळेत खिचडी शिजवायला जाते. ती गेली की तो दुपारपर्यंत एकटाच असतो.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो. वैनी शाळेत गेलेली, आम्ही दोघंच घराच्या पुढच्या सोप्यात बसलो होतो. सांगलीला चल, माझ्याकडं राहा, म्हणून मी बरंच समजावलं. तो ऐकून घेत होता.

"तिकडं ईऊन काय करू," तो म्हणाला. "हितलं निदान पाठ हाय."

मग दाराबाहेरच्या रांजणातलं पाणी प्यायला म्हणून उठला. शेजाऱ्यानं आमच्या दाराशी सिमेंटची पोती आणून रचली होती, सकाळी ती नव्हती. तो त्यांच्यावर आदळला आणि गुडघ्यावर पडला. मी धावत जाऊन त्याचा दंड धरला. त्यानं माझा हात झिडकारला, आणि एक एक पोतं चाचपत, ते काय आहे याचा अंदाज घेत, तिथंच बसून राहिला.