शनिवारची सहाची पाळी

आमच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांचा मिळून एक साउना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, आहे. प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास मिळतो. शनिवारी संध्याकाळी सहाची पाळी सगळ्यांनाच हवी असते, आणि ती वर्षानुवर्षं तिसऱ्या मजल्यावरच्या ताइस्तो कूसेलाकडे आहे. मी इमारतीच्या समितीची अध्यक्ष, म्हणून त्या पाळीवरून बोलणी मात्र मला खावी लागतात.

ताइस्तो बंदरावर हमाल होता. तेव्हा हेलसिंकीचं पोट बंदरावर चालायचं. कागदाची रिळं जायची, कॉफी नि केळी यायची, आणि बंदराजवळच्या आमच्या पुनावुओरी वस्तीतल्या खोल्यांत गोदीतलीच माणसं राहायची. शनिवारी ताइस्तोची सात जणांची टोळी तळघरात उतरली की त्यांचं हसणं माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचं. मी जाम वैतागायचे. आता ते हसणं ऐकायला मिळावं म्हणून काय वाटेल ते देईन.

पुढे कंटेनर आले आणि अख्ख्या टोळीचं काम एक क्रेन करू लागली. सोव्हिएत व्यापार बुडाला तेव्हा शहर काही वर्षं हात चोळत बसलं. मग फोन आणि संगणकवाल्या कंपन्यांनी पैसा आणला, बंदर उचलून पूर्वेला वुओसारीत नेलं, आणि जुन्या धक्क्यांवर काचेच्या बाल्कन्यांची घरं उभी राहिली. आमच्या खोल्यांचे भाव ऐकून ताइस्तो म्हणाला होता, "एवढ्यात आम्ही जहाजच घेतलं असतं, खलाशांसकट."

टोळी पांगली. बरेचसे मेले. उरला एकटा रेइनो, तो स्वस्त घरासाठी वुओसारीला गेला. गुडघे धरल्यापासून, म्हणजे चार हिवाळे, तोही आलेला नाही.

एप्रिलच्या सभेत नवा भाडेकरू योनास म्हणाला, "आम्ही घरात पाच जण. एका माणसाला शनिवारचा अख्खा तास कशाला?"

"रेइनो येतो," ताइस्तो म्हणाला. मी विषय पुढच्या सभेवर ढकलला.

जिन्यात मी त्याला गाठलं. "अरे, एक फोन करून विचार की त्याला."

"फोन कशाला? जेवत असेल, झोपला असेल. शनिवारी सहाला, हे ठरलंय ना?"

"चार वर्षं झाली, ताइस्तो."

"मग? ठरलेलं कुणी मोडलंय का?"

अशा माणसापुढे काय डोकं आपटायचं.

काल संध्याकाळी तो माझ्या दारात आला. हातात मासळीची पिशवी होती.

"त्या योनासच्या घरच्यांना शनिवार देऊन टाक."

"का रे?"

"रेइनो गेला. मार्चमध्येच. आज मंडईत त्याची मुलगी भेटली." तो पिशवीकडे बघत राहिला. "म्हणाली, बाबा दर शनिवारी कोट घालून फोनपाशी बसायचे. ताइस्तोने बोलावलं तर जाईन म्हणायचे. आपण होऊन कसं जायचं, त्याची अडचण व्हायची."

मला गलबलून आलं.

"दुसरी कुठली पाळी रिकामी आहे?" त्याने विचारलं.

"मंगळवारी दुपारी तीन. ती कुणालाच नको असते."

"चालेल. मंगळवारी कुणाची वाट बघायला नको."

कॉफी नुकतीच उकळली होती. त्याला आत बोलवावं असं मनापासून वाटलं. पण दमला असेल, मासळी खराब होईल, असा विचार करून मी दार लावून घेतलं.